झारीतला शुक्राचार्य आणि पेट्रोलचा डबा

बळीराजाने वामनाला तीन पावले भूमी द्यायचे कबूल केले, उदक सोडण्यासाठी झारी उचलली आणि पाणी काही येईना. दैत्यगुरू शुक्राचार्य सूक्ष्म रूप घेऊन तोटीत जाऊन बसले होते. वामनाने दर्भाची काडी आत सारली, शुक्राचार्यांचा एक डोळा गेला आणि धार लागली. पुढची कथा वाचकांना ठाऊक आहे. पाडव्याला आपण बळीचे नाव घेतो ते तिच्यामुळेच. ‘झारीतला शुक्राचार्य’ हा वाक्प्रचार शिकवताना मला ही गोष्ट दरवर्षी वर्गात सांगावी लागते. हल्ली तर आधी झारी म्हणजे काय हे सांगावे लागते, मग शुक्राचार्य, आणि मग तास संपतो.

आज ज्या झारीविषयी लिहायचे आहे ती तांब्याची किंवा चांदीची नाही. ती लाल प्लास्टिकची आहे, तिच्यात पेट्रोल भरतात, आणि तिच्या तोटीत बसलेला शुक्राचार्य अमेरिकन सरकारचा आहे. मराठीच्या प्राध्यापकाला ही नसती उठाठेव कुणी सांगितली होती, असे काही वाचक म्हणतील. त्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु एकदा एखाद्या गोष्टीने डोक्यात घर केले म्हणजे ती लिहून टाकल्याखेरीज सुटका होत नाही, हा आमच्या धंद्याचा जुना रोग आहे.

२०२४ च्या उन्हाळ्याच्या सुटीत मी न्यू जर्सीला धाकट्या भावाकडे दीड महिना राहिलो. तिकडे घरापुढे हिरवळ असते आणि ती कापावी लागते. चांगली हुद्द्याची माणसे शनिवारी सकाळी अर्धी विजार घालून गवत कापताना दिसतात. गवत फार वाढले तर शेजारी बोलत नाहीत, पण नगरपालिकेचे पत्र येते. गवत कापायच्या यंत्राला पेट्रोल लागते. ते पंपावरून लाल डब्यातून आणायचे आणि यंत्राच्या लहानशा टाकीत ओतायचे. एवढेच काम. पण ते काम करताना माझ्या भावाचा जो अवतार होई तो पाहण्यासारखा होता.

डबा पाच गॅलनचा, म्हणजे आपल्या हिशेबाने एकोणीस लिटरांच्या आसपास. भरला म्हणजे आतल्या पेट्रोलचेच वजन चौदा किलोच्या घरात जाते. त्याच्या तोंडाला काळी तोटी. तोटीवर एक कडे. ते आधी फिरवायचे. मग अंगठ्याने एक खटका दाबायचा. मग तोटीचा आकडा यंत्राच्या टाकीच्या काठाला अडकवून सारा डबा खाली रेटायचा, म्हणजे आतली स्प्रिंग दबून वाट मोकळी होते. एका हाताने खटका, दुसऱ्या हाताने चौदा किलोंचे ओझे, आणि टाकी किती भरली हे पाहायला मान वाकडी. एवढे करून पेट्रोल यायचे कसे? आधी काहीच नाही. मग एक थेंब. मग डब्याच्या पोटातून ‘गुडुक्’ असा आवाज, डब्याच्या बाजू आत ओढल्या जायच्या आणि पुन्हा फटकन बाहेर यायच्या, आणि त्यासरशी भसकन पेट्रोलची चूळ. चूळच म्हणायची, धार नव्हे. डबा गुळण्या टाकीत होता. त्यातली निम्मी टाकीत, उरलेली यंत्रावर, हिरवळीवर आणि भावाच्या बुटांवर. “दादा, हा न सांडणारा डबा आहे बरं का,” तो म्हणाला. डब्यावर तसे खरोखरच छापलेले होते.

हे त्याच्या एकट्याचेच गाऱ्हाणे नव्हते. त्या गल्लीत ज्या ज्या घरी गेलो तिथे या तोटीची निंदा ऐकली. अमेरिकेत राजकारणावर दोन माणसांचे एकमत होत नाही. या डब्यावर मात्र सगळ्यांचे होते.

आता यातले शास्त्र पाहा. ते आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या वापरात आहे. माझ्या लहानपणी दिवाळीच्या फराळासाठी तेलाचा पंधरा किलोंचा पत्र्याचा डबा येई. तो फोडण्याचे काम मुलांकडे असे. खिळा किंवा स्क्रू-ड्रायव्हर आणि हातोडी घेऊन आम्ही बसलो की आई स्वयंपाकघरातून ओरडे, “एक नाही रे, दोन भोके पाड! समोरासमोर!” एकाच भोकाचा डबा वाकडा केला तर तेल चार थेंब पडून थांबते. दोन असली म्हणजे एकातून तेल बाहेर येते आणि दुसऱ्यातून हवा आत जाते. आईने पदार्थविज्ञान शिकले नव्हते. पण द्रव बाहेर जायचा तर त्याच्या जागी तेवढीच हवा आत आली पाहिजे, हे तिला पक्के माहीत होते.

हवेला वेगळी वाट नसली म्हणजे काय होते? थोडा द्रव बाहेर पडला की आतल्या हवेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. बाहेरची हवा तोंडाशी रेटा देऊन द्रवाला अडवून धरते. शेवटी एखादा बुडबुडा त्याच तोंडातून वाट काढून आत शिरतो, आतला दाब सावरतो आणि पुन्हा एक लोंढा बाहेर येतो. ‘गुडुक् गुडुक्’ हा आवाज म्हणजे एकाच अरुंद दारातून आत येणारे आणि बाहेर जाणारे आळीपाळीने घुसतात त्याचा आवाज. दादरच्या जिन्यावर गाडी लागल्यावर जे होते तेच. तोंड रुंद असले तर दोघे शेजारून जातात. तोटी लांब आणि बारीक असली तर बुडबुड्याला उलटे चढून जाणे फार जड जाते. डबा पत्र्याचा असेल तर त्याच्या बाजू फारशा हलत नाहीत. प्लास्टिकच्या मात्र आत पिचकतात, आणि बुडबुडा शिरल्यावर परत फुगताना आणखी एक धक्का देतात. भावाच्या बुटांवर पेट्रोल पडत होते ते या धक्क्यामुळे.

मग इतकी साधी गोष्ट डबे बनवणाऱ्यांना कळत नव्हती काय? कळत होती. किंबहुना हा प्रश्न १९३७ सालीच सुटलेला होता, आणि तो सोडवला जर्मन लष्कराच्या डब्याने.

ज्याला आपण आज जेरीकॅन म्हणतो तो हा डबा. वीस लिटरांचा, दाबून काढलेल्या पोलादी पत्र्याच्या दोन अर्ध्या भागांचा, मधोमध जोडलेला. वरती एकाऐवजी तीन मुठी. मधली मूठ एका माणसासाठी. दोघांनी उचलायचा तर बाजूच्या दोन. आणि रिकामे असले तर एका हातात दोन डबे नेता येतात. बाजूंवर दाबलेली फुलीसारखी नक्षी शोभेची नाही. तिने पत्र्याला ताठपणा येतो, आणि उन्हाने पेट्रोल फुगले तर थोडी जागाही मिळते. झाकण आट्यांचे नाही, खटक्याचे. पाना लागत नाही, हरवत नाही. मुठींखाली हवेचा एक कप्पा राहतो, त्यामुळे भरलेला डबा पाण्यात टाकला तरी तरंगतो. आणि आपल्या कथेच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे तोंडाच्या आत एक बारीक नळी, जी बाहेरची हवा थेट त्या वरच्या कप्प्यात पोहोचवते. पेट्रोल एका वाटेने येते, हवा दुसऱ्या वाटेने जाते, आणि धार अखंड पडते. म्हणजे आईची दोन भोकेच, फक्त एकाच तोंडात शेजारी शेजारी बसवलेली.

या डब्याची एक हकीकत आपल्या देशाशी जोडलेली आहे. पॉल प्लाइस नावाचा एक अमेरिकन इंजिनिअर बर्लिनमध्ये काम करीत होता. १९३९ च्या उन्हाळ्यात तो आणि त्याचा एक जर्मन सहकारी मोटारीने बर्लिनहून हिंदुस्थानात यायला निघाले. वाटेसाठी पाणी कशात न्यावे असा प्रश्न पडला, तेव्हा त्या जर्मन गृहस्थाने टेम्पलहोफ विमानतळावरच्या साठ्यातून असे तीन डबे उचलून आणले. वाटेतच युद्धाचे ढग जमले आणि त्या जर्मनाला परत बोलावणे आले; जाण्यापूर्वी त्याने डब्याची सगळी मापे प्लाइसला देऊन टाकली. प्लाइस एकटाच कलकत्त्याला पोहोचला, मोटार तिथे ठेवून अमेरिकेला गेला आणि लष्करी अधिकाऱ्यांना हा डबा पाहा म्हणून सांगू लागला. कुणी लक्ष दिले नाही. पुढे मोटार कलकत्त्याहून न्यू यॉर्कला आणवून त्याने त्यातला एक डबा वॉशिंग्टनला पाठवला. तरीही अधिकाऱ्यांना आपला पहिल्या महायुद्धातला जुना डबाच बरा वाटला, ज्याला उघडायला पाना आणि ओतायला नरसाळे लागत असे. सरकारी कचेरीचा स्वभाव सगळ्या देशांत सारखाच, हे वाचून मला बरे वाटले.

तिकडे आफ्रिकेच्या वाळवंटात इंग्रजांचे हाल याहून वाईट होते. ते पेट्रोल नेत चार गॅलनच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यातून. आपल्याकडे ज्याला रॉकेलचा डबा म्हणत, ज्यात पुढे पाणी भरत, तुळस लावत आणि वरचे तोंड कापून धान्यही ठेवत, त्याच घराण्यातला तो डबा. सैनिक त्याला ‘फ्लिम्झी’ म्हणजे लेचापेचा म्हणत. सांधे उसवत, खडबडीत वाटेवर पेट्रोल गळत जाई. मध्यपूर्वेतले सेनापती ऑचिनलेक, जे पुढे हिंदुस्थानचे सरसेनापती म्हणून आपल्याला माहीत आहेत, त्यांच्या अंदाजाने तीस टक्के पेट्रोल असे वाटेतच जात होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण १९४२ साली तोब्रुकला होती. सातारा-कोल्हापूरकडच्या त्या शिपायांनी हे गळके डबे पाहिले असणारच. या डब्यांचा एक उपयोग मात्र चांगला होता: अर्धा कापायचा, वाळू भरायची, वर पेट्रोल ओतून पेटवायचे आणि चहा करायचा. इंग्रज सैनिकांना शत्रूचे डबे हाती लागले की ते आनंदाने उचलून आणीत, आणि जर्मनाला ते ‘जेरी’ म्हणत म्हणून डब्याचे नाव जेरीकॅन पडले. पुढे दोस्तांनी हाच डबा जसाच्या तसा लाखांनी बनवला. फ्रान्समधून सैन्य झपाट्याने पुढे सरकले ते या डब्यांमुळे, असे खुद्द अध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९४४ साली सांगून ठेवले आहे.

ज्या देशाने हा डबा लाखांनी बनवला त्या देशातला आजचा डबा गुळण्या का टाकतो? याचे उत्तर शोधताना मला वाटले होते की कुठला तरी कारखानदार दोन पैसे वाचवीत असेल. तसे नाही. कारण चांगले आहे, आणि तीच यातली अडचण आहे.

अमेरिकेतल्या जुन्या प्लास्टिकच्या डब्यांना पाठीमागे वरच्या बाजूला एक छोटेसे हवेचे भोक असे, त्यावर टोपी. ओतताना टोपी काढायची, नंतर लावायची. माणसे ओतताना काढीत आणि नंतर विसरत. कोट्यवधी घरांच्या गॅरेजांत असे उघडे डबे रात्रंदिवस पेट्रोलची वाफ सोडीत बसले. शिवाय साधे प्लास्टिक पेट्रोलला पुरते अडवत नाही. भोक नसले तरी भिंतींतून वाफ झिरपत राहते. ही वाफ आणि मोटारींचा धूर उन्हात एकत्र आले म्हणजे जमिनीलगत ओझोन तयार होतो, आणि तो दमेकऱ्यांच्या आणि लहान मुलांच्या छातीला बाधतो. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने १९९९ साली नियम केले आणि ते २००१ पासून लागू झाले. डब्याला भरायला आणि ओतायला मिळून एकच तोंड, आणि तोटी टाकीतून काढताच आपोआप बंद झाली पाहिजे. मग केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याने २००७ साली साऱ्या देशासाठी नियम केले. १ जानेवारी २००९ पासून बनणाऱ्या डब्यातून दर गॅलनमागे दिवसाला ०.३ ग्रॅमहून जास्त वाफ सुटता कामा नये असे ठरले. डब्यांच्या भिंती सुधारल्या, झिरपणे कमी झाले. या बाबतीत सरकारचे अभिनंदन केले पाहिजे. परंतु मागचे भोक गेले ते गेलेच. हवा आणि पेट्रोल या दोघांना एकाच स्प्रिंगवाल्या तोटीत कोंबले गेले. काही तोट्यांत हवेसाठी बारीक नळी ठेवतात. पण डबा वाकवताना तीच आधी पेट्रोलने भरते, आणि ती मोकळी होईपर्यंत पुन्हा तेच थेंब थेंब आणि मग भसकन. जी वाफ गॅरेजात अडवायची होती, ती हिरवळीवर सांडून हवेत गेली. कागदावर डबा बंद, जमिनीवर पेट्रोल!

लोकांनी अर्थातच उपाय शोधला. बाजारात छोट्या टोप्या मिळतात. डब्याच्या मागे वरच्या बाजूला ड्रिलने भोक पाडायचे आणि त्यात ही टोपी ठोकून बसवायची. जुना डबा परत आला! भावानेही त्या टोप्यांचे पाकीट आणून ठेवले होते, आणि एका रविवारी तो ड्रिलचे यंत्र घेऊन गॅरेजात शिरला. डबा अर्धा भरलेला होता.

माझी भावजय दारात उभी राहिली. “भाऊजी, तुम्ही तरी सांगा यांना,” ती म्हणाली. मी काय सांगणार? मला दोन भोकांचे तत्त्व ठाऊक होते आणि ते भावाच्या बाजूचे होते. पण सहा वर्षांचा पुतण्या त्याच गॅरेजात सायकल फिरवीत होता, आणि भावजयीचा चेहरा पाहून मी भावाला म्हटले, “अरे, पाच मिनिटे थांब. शेजारच्यांना विचारू.” शेजारी अग्निशमन दलातून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ राहत. ते आले, गॅरेजात नजर फिरवली, आणि डब्याकडे न पाहता कोपऱ्यातल्या पाणी तापवायच्या बंबाकडे बोट दाखवले. तो गॅसवर चालणारा बंब होता. त्याच्या बुडाशी ज्योत असते.

त्यांनी जे सांगितले ते मी माझ्या शब्दांत सांगतो. पेट्रोल स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते. ही वाफ हवेपेक्षा जड असते, वर जात नाही. पाण्यासारखी जमिनीवरून सरपटते, उंबऱ्याखालून जाते, आणि दहा-पंधरा फुटांवरच्या ज्योतीपाशी पोहोचते. तिथे पेट घेतला की ज्वाळा त्याच वाटेने उलटी डब्याकडे येते. ड्रिलच्या विजेच्या मोटारीत ठिणग्या उडतच असतात, तेव्हा पेट्रोल असलेल्या डब्याजवळ ती चालवणे म्हणजे काडी ओढणेच. आणि डबा रिकामा असता तर? “त्याहून वाईट,” ते म्हणाले. भरलेल्या डब्यात वाफेला जागा थोडी. रिकाम्यात सगळी वाफच. भाऊ गप्प झाला. ड्रिल पेटीत गेले.

त्यांनी मग डब्याच्या तोंडात बोट घालून दाखवले. आत एक प्लास्टिकची जाळी होती. अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये एक कायदा झाला आणि २०२३ च्या जुलैपासून अशा डब्यांच्या तोंडात ज्वाळारोधक ठेवणे सक्तीचे झाले. त्याचे तत्त्व फार जुने आहे. हम्फ्री डेव्हीने १८१५ साली खाणकामगारांसाठी कंदील केला, त्याच्या ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी होती. जाळीच्या बारीक छिद्रांतून जाताना ज्वाळेची उष्णता शोषली जाते आणि ती पलीकडे जाऊ शकत नाही. डब्याच्या जाळीचे कामही तेच: कुणी शेकोटीवर पेट्रोल ओतण्याचा मूर्खपणा केला, तर धारेवरून चढत आलेली आग डब्याच्या पोटात शिरू नये. अशा अपघातांत मुले भाजली आहेत, माणसे गेली आहेत. अमेरिकेतला सर्वांत मोठा डबे बनवणारा, ओक्लाहोमातला ब्लिट्झ नावाचा कारखाना २०१२ साली बंद पडला, तो असल्या खटल्यांच्या ओझ्यानेच. आणि तोटीवरचा तो अंगठ्याचा खटका? तो २००८ च्या कायद्याचा, लहान मुलांच्या हातून डबा उघडू नये म्हणून. त्या दिवसापर्यंत मीही त्या खटक्याला हसत होतो. पुतण्याच्या सायकलीकडे पाहून हसू आवरले.

तेव्हा हा शुक्राचार्य पुराणातल्यासारखाच आहे. त्याला यजमानाचे हितच करायचे असते. पण पुष्कळ लोक ही जाळीच पकडीने उपटून फेकतात, कारण तीही धार मंद करते. दर्भाची काडी तोटीत घालताना कुणाचा डोळा जातो हे आधी पाहावे.

मग डबा सोपा करायचा कसा? मार्ग आहेत, आणि त्यांत ड्रिल कुठेच नाही. भावाने शेवटी दोन लहान गोष्टी घेतल्या. पहिली, दोन गॅलनचा पोलादी सुरक्षित डबा. कारखान्यांतून हे फार वर्षे वापरतात. त्याला ओतायची नळी आणि हवेची वाट वेगळी असते. मूठ दाबली की दोन्ही एकदम उघडतात, सोडली की दोन्ही एकदम बंद होतात, आणि आत जाळी असते ती असतेच. म्हणजे विसराळू माणसाच्या हातीही टोपी उघडी राहण्याचा प्रश्न नाही. किंमत प्लास्टिकच्या डब्याच्या कितीतरी पट. भावाने दोन दिवस विचार केला, भावजयीने दोन मिनिटांत मागवला. दुसरी गोष्ट, मोठ्या डब्यासाठी एक हलवायची नळी. तिच्या टोकाला पितळी तोंडात काचेची गोळी असते. डबा उंचावर ठेवून नळी चार वेळा वरखाली झटकली की धार सुरू होते आणि डबा उचलावा लागत नाही. आपल्याकडे रॉकेलच्या डब्यात पत्र्याचा हातपंप सोडून स्टोव्ह भरत असू, त्याचीच ही अमेरिकन बहीण. तोंडाने ओढण्याची पद्धत मात्र कुणी करू नये. पेट्रोलचा घोट फुफ्फुसात गेला तर जिवावर बेततो. आणि डबे गॅरेजातून हलून अंगणाच्या टोकाच्या खोपटात गेले, बंबापासून लांब.

मी परत आल्यानंतरची बातमी अशी की २०२५ च्या जुलैमध्ये त्याच पर्यावरण खात्याने डबे बनवणाऱ्यांना सुचवले की हवेची वाट ठेवून धार सुरळीत करा. वाफेची मर्यादा पाळून तसे करायला हरकत नाही. इतकी वर्षे बुटांवर पेट्रोल सांडल्यावर हे आले. आट्यांची, आपोआप मिटणारी हवेची झडप करणे फार अवघड नाही. ती करायची मनापासून कुणाला गरज वाटली नव्हती, इतकेच. नियम करणाऱ्याने वाफ मोजली, कारखानदाराने नियम मोजला, ओतणाऱ्याचा हात कुणी मोजला नाही.

आपल्याकडे चित्र उलटे आहे. आपल्या डब्यांच्या तोटीत शुक्राचार्य नाही, कारण मुळात तोटीच नाही. गावोगाव ब्रशकटर आले, फवारणीचे इंजिनाचे पंप आले, आणि त्यांचे पेट्रोल येते ते खाद्यतेलाच्या नाहीतर कीटकनाशकाच्या जुन्या कॅनमधून. बूच केव्हाच हरवलेले, तोंडाला प्लास्टिकची पिशवी दुमडून सुतळीने बांधलेली, आणि कॅन दुचाकीवर दोन पायांच्या मध्ये, इंजिनाच्या ऊबेवर. पाण्याच्या बाटलीत रॉकेल किंवा पेट्रोल ठेवण्याची सवय तर फार वाईट; तहानलेले मूल रंग पाहत नाही, बाटली पाहते. अमेरिकेत पेट्रोलला लाल, डिझेलला पिवळा, रॉकेलला निळा डबा, एवढे तरी ठरलेले आहे. ही शिस्त उचलायला आपल्याला पैसे पडत नाहीत.

ज्यांच्याकडे असा साधा कॅन आहे त्यांनी निदान ओतताना एवढे करावे. कॅन भरायचा तो जमिनीवर ठेवून, गाडीत किंवा गाडीवर ठेवून नव्हे. प्लास्टिकवर साठलेली वीज जमिनीवर ठेवल्याने उतरायला वाट मिळते. गळ्यापर्यंत भरू नये, वर चार बोटे जागा ठेवावी. इंजिन थंड होऊ द्यावे. आणि कॅनचे तोंड मधोमध नसून एका कडेला असते, ते तसे मुद्दाम असते. आपण सगळे ते खालच्या बाजूला घेऊन ओततो, म्हणजे तोंड ताबडतोब द्रवाने भरते आणि गुळण्या सुरू होतात. कॅन आडवा धरून तोंड वरच्या बाजूला ठेवावे आणि हळूहळू कलवावा. तोंडाचा वरचा भाग हवेला मोकळा राहतो आणि धार सरळ पडते. खाद्यतेलाच्या पाच लिटरच्या कॅनवर आधी करून पाहा, फरक लगेच दिसेल. नरसाळे वापरत असाल तर ते टाकीच्या तोंडात गच्च रुतवू नका. बाटलीत रॉकेल भरताना आई नरसाळ्याखाली झाडूची एक काडी आडवी ठेवीत असे, तेवढ्या फटीतून बाटलीतली हवा बाहेर पडायची.